पाणी की पंखे? घरी पीसी जुळवणाऱ्यांचे कूलिंगबद्दलचे नेहमीचे प्रश्न

घरी पीसी जुळवायला घेतला की प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरतं, आणि गाडी येऊन अडते ती कूलरवर. लिक्विड घेऊ का साधा पंखेवाला? हे मला इतक्यांनी इतक्या वेळा विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी स्वतः आधी टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा राहणारा पत्र्यांचा ठोकळा आणि त्याला पंखे) वापरला, मग हौस म्हणून एआयओ (सील केलेला लिक्विड कूलर) घेतला आणि आता परत टॉवरवर आलोय, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच माहीत असू दे. पण पाणी जिथे खरंच भारी पडतं तिथे तसं लिहिलंय.

लिक्विड कूलिंग लावलं की पंख्यांची कटकट संपली ना?

नाही ओ, उलट वाढली. टॉवर कूलरला एक नाहीतर दोन पंखे असतात, ३६० च्या (म्हणजे ३६० एमएम लांब रेडिएटरच्या) एआयओला तीन, आणि वर पंपाची मोटर वेगळी. पाणी काही उष्णता खाऊन टाकत नाही, ते नुसतं हमाल आहे. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या प्लेटमधून उष्णता उचलायची, नळीतून रेडिएटरपर्यंत न्यायची, तिथल्या बारीक पत्र्यांना द्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. पत्र्यांवरून ती काढून घेतात ते पंखेच. म्हणजे दोन्हीकडे शेवटी हवाच थंड करते, ठरवायचं एवढंच की हवेची आणि पत्र्यांची भेट कुठे घडवायची, प्रोसेसरच्या डोक्यावर की कॅबिनेटच्या भिंतीला.

(एआयओ म्हणजे ऑल इन वन, पंप-नळ्या-रेडिएटर सगळं कंपनीतूनच पाणी भरून सील केलेलं. घरच्या पीसीत लोक लिक्विड म्हणतात तेव्हा शंभरातल्या बहुतेकांना हेच म्हणायचं असतं. कस्टम लूप हा वेगळा उद्योग, त्याचं खाली.)

निदान एअर कूलरमध्ये पाणी नसतं एवढं तरी खरं?

तेही नाही! टॉवर कूलरच्या बुडातून वर गेलेले जे तांब्याचे पाइप दिसतात ते भरीव नसतात. आत हवा काढून टाकून थोडंसं पाणी ठेवलेलं असतं, थोडंसं म्हणजे अगदी काही थेंब, आणि दाब इतका कमी असतो की ते पाणी शंभर डिग्रीची वाट न बघता खूप आधीच उकळतं. खाली प्रोसेसरच्या बाजूला वाफ होते, वाफ वर पत्र्यांपाशी जाऊन गार होते, परत पाणी होतं आणि पाइपच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा जो सच्छिद्र थर असतो त्यातून झिरपत, दिव्यातल्या वातीतून तेल चढतं तसं, परत खाली येतं. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. नुसत्या तांब्याच्या सळईपेक्षा हे पाइप कितीतरी पटीने जास्त उष्णता वाहतात, म्हणून तर सहा-सात पाइपांचा ठोकळा आजही टिकून आहे.

मला विचाराल तर सगळ्या पीसीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच, आणि तिला कोणी लायटिंग लावत नाही.

मग लिक्विडचा खरा फायदा काय?

दोन आहेत. एक म्हणजे जागा. प्रोसेसरच्या डोक्यावर तुम्ही किती मोठा ठोकळा बसवणार, त्याला रॅम आडवी येते, काच आडवी येते, वजन मदरबोर्डला झेपलं पाहिजे. रेडिएटर मात्र कॅबिनेटला लागतो त्यामुळे ३६० एमएम, ४२० एमएम लांब असला तरी चालतो, पत्रे जास्त, पंखे जास्त, आणि वर लावला असेल तर प्रोसेसरची गरम हवा कॅबिनेटमध्ये न फिरता थेट बाहेर.

दुसरा फायदा म्हणजे पाण्याचं पोट मोठं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तापायला साधारण साडेतीन हजार पट उष्णता लागते. त्यामुळे एखादा फोटो एक्सपोर्ट केला, काहीतरी कंपाइल केलं, अर्धा मिनिट प्रोसेसर पेटला, तर ती उष्णता पाण्यात जिरून जाते आणि पंख्यांना लगेच वेग घ्यावा लागत नाही. टॉवरला हे तेवढं जमत नाही, त्याचा साठा लहान.

पण साठा म्हणजे साठाच हं. तासभर रेंडर लावलं की पाणी तापत तापत एका जागी येऊन थांबतं, आणि मग पाण्याचं काही कौतुक उरत नाही, पत्रे किती आणि हवा किती एवढाच हिशोब.

बरं, आकड्यात सांगा. किती डिग्रीचा फरक पडतो?

प्रोसेसर किती वॉट खातोय त्यावर आहे. १०० वॉटच्या आत असाल तर चांगला दोन टॉवरचा कूलर आणि ३६० चा एआयओ यांच्यात दोन-चार डिग्री, ज्याने तुमच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. २०० वॉटच्या वर सतत लोड असेल तर मोठा एआयओ पाच ते दहा डिग्रीने पुढे जातो आणि तिथे ते जाणवतं, कारण टॉवरवाला तोपर्यंत पंखे जोरात पळवायला लागलेला असतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती इथे सांगतो. अडचण बऱ्याचदा कूलरच्या आधीच असते. आजकालच्या प्रोसेसरची आतली चिप नखाएवढी, तेवढ्याशा जागेतून शंभर-दीडशे वॉट बाहेर पडायचे, आणि मध्ये धातूचं झाकण, त्याच्यावर पेस्ट (झाकण आणि कूलर यांच्यातली फट भरणारी). उष्णता त्या झाकणापर्यंत पोचतानाच टेंपरेचर चढलेलं असतं. रेडिएटर तिथे दुप्पट करा नाहीतर चौपट, पाणी चार डिग्री गार होईल आणि चिपला तेवढाच चार डिग्री फायदा, त्यापुढे काही नाही. म्हणून २४० वरून ३६० ला गेलो तरी काहीच फरक नाही अशी तक्रार येते. कूलर बरोबर असतो, गर्दी दारातच झालेली असते.

प्रोसेसर ९५ डिग्री दाखवतोय, जळेल का?

जळणार नाही. रायझन ७००० चे प्रोसेसर २०२२ मध्ये आले तेव्हा एएमडीने स्वतःच सांगितलं की मोठे मॉडेल फुल लोडवर ९५ पर्यंत जाणार, ते तसेच बनवलेत. ते ९५ ला जाऊन टेकतात आणि मग त्या टेंपरेचरमध्ये जेवढा वेग बसतो तेवढा घेतात. अशा प्रोसेसरला चांगला कूलर लावला तरी आकडा ९५ च राहू शकतो, फक्त वेग थोडा वाढतो, आणि मग माणूस म्हणतो कूलर फसवा निघाला. आकडा नाही, वेग बघा.

इंटेलच्या आय९ १४९००के ची मर्यादा १०० डिग्री, एएमडीच्या रायझन ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादेला टेकलं की प्रोसेसर आपणहून हळू होतो, त्याही पुढे गेलं तर पीसी बंद पडतो, सामान वाचतं. काळजी करायची ती वेगळ्या वेळी: नुसता ब्राउझर उघडा आहे आणि ८५ दिसतंय, किंवा गेम सुरू केल्या केल्या दोन सेकंदात आकडा थेट वर टेकला. हे कूलर नीट बसला नसल्याचं किंवा पंप मेल्याचं लक्षण.

मला नक्की काय लागेल ते सांगा ना.

६५ वॉट वर्गातला प्रोसेसर असेल तर एका टॉवरचा साधा कूलर, पंखा १२० एमएमचा, संपला विषय. नुसतं गेमिंग असेल तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा प्रोसेसर बराच कमी वॉट खातो, ७८००एक्स३डी वर टीडीपी (कूलर निवडायला कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) १२० वॉट लिहिलेला असला तरी गेममध्ये तो त्याच्या बराच खाली असतो, त्याला ३६० चा एआयओ लावणं म्हणजे सायकलला ट्रकचे ब्रेक. दोन टॉवरचा कूलर पुरून उरतो.

आणि १४९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा, किंवा ७९५०एक्स सारखा २३० वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर घेऊन तुम्ही रोज व्हिडिओ रेंडर, थ्रीडी, तासनतास फुल लोड असलं काही करत असाल तर ३६० चा एआयओ घ्या, तिथे मी वाद घालणार नाही. लहान कॅबिनेटवाल्यांचंही तसंच, जिथे उंच टॉवर मावतच नाही पण बाजूला २४० चा रेडिएटर बसतो.

दिसायला छान दिसतो म्हणून घ्यायचा असेल तरी घ्या. खरंच. काचेच्या कॅबिनेटमध्ये एआयओ सुटसुटीत दिसतो, रॅम झाकली जात नाही, आणि स्वतःच्या हाताने जुळवलेली वस्तू रोज बघून बरं वाटलं पाहिजे हेही कारणच आहे, फक्त ते कारण टेंपरेचरच्या नावावर खपवू नका.

१२० च्या एका पंख्याचा एआयओ मात्र घेऊ नका. तेवढ्यात येणारा टॉवर कूलर त्याच्यापेक्षा बरा थंड करतो आणि जास्त टिकतो.

पीसीमुळे खोली तापते. लिक्विड लावलं तर खोली गार राहील का?

हा माझा आवडता प्रश्न. नाही राहणार. पीसी जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते, मधे पाणी असो, तांबं असो. ४०० वॉट खाणारा पीसी म्हणजे ४०० वॉटचा हीटर, कूलर कुठलाही लावा. खोली गार ठेवायची असेल तर वीज कमी खायला लावणं हाच मार्ग, त्याचं खाली सांगतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे कुठलाही साधा कूलर, पाण्याचा असो वा हवेचा, खोलीच्या टेंपरेचरच्या खाली जाऊ शकत नाही. खोलीत ३५ असेल तर ३५ च्या वरच सगळं. म्हणून दुसऱ्याच्या रिव्ह्यूतला आकडा आपल्याशी लावताना त्याच्या खोलीत किती होतं ते आधी बघायचं, तिथे २१ आणि तुमच्याकडे ३३ असेल तर बारा डिग्री तिथेच गेल्या. आणि हो, खोलीच्या खाली जात नाही म्हणूनच एआयओच्या नळ्यांवर दव वगैरे धरत नाही, ते फक्त चिलर (पाणी फ्रिजसारखं गार करणारं यंत्र) लावणाऱ्यांचं दुखणं.

आवाज कशाचा कमी?

आयडलला, म्हणजे पीसी निवांत असताना, टॉवरचा. त्याचा पंखा पाचशे-सहाशे आरपीएमवर आला की ऐकूच येत नाही. एआयओचा पंप मात्र चोवीस तास चालू असतो, बारीक घुंई असा आवाज काही पंपांना असतो, रात्री सगळं शांत झालं की तो कानात बसतो, मला तर एकदा लक्षात आल्यावर तेवढाच ऐकू यायला लागला होता. फुल लोडला मात्र उलटं, तीन मोठे पंखे सावकाश फिरून जे करतात ते टॉवरच्या एका पंख्याला धावत करावं लागतं.

पंख्याचा एक नियम डोक्यात ठेवा: वेग अर्धा केला की हवा साधारण अर्धी होते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरलं तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मोठे पंखे सावकाश फिरवणं हे लहान पंखे जोरात पळवण्यापेक्षा केव्हाही बरं, १४० एमएम बसत असेल तर १२० घेऊ नका.

एआयओ असूनही पंखे दर मिनिटाला वर-खाली होत असतील तर दोष बायोसमधल्या (पीसी सुरू होतानाच उघडता येणारा मदरबोर्डचा मेनू) सेटिंगचा आहे. पंखे प्रोसेसरच्या टेंपरेचरवर बांधलेले असतात, ते क्षणात ५० चं ७५ होतं, पंखे दचकून पळतात, आणि पाणी बिचारं अजून गारच असतं. जमत असेल तर पंखे पाण्याच्या टेंपरेचरवर बांधा, नाहीतर बायोसमध्ये पंख्याचा वेग उशिरा वाढवायचं जे सेटिंग असतं ते वाढवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते.

पाणी गळलं तर सगळं गेलंच ना?

सगळे इथेच घाबरतात. सील केलेला एआयओ गळणं होतं, पण क्वचित. आतलं लिक्विड सुरुवातीला वीज फारशी वाहत नाही पण धातूच्या संगतीत राहून त्यात क्षार उतरतात, त्यामुळे ‘नॉन कंडक्टिव्ह’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. गळती दिसली तर आधी भिंतीवरचं बटण बंद, पॉवर केबल काढा, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम उतरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. उत्साहाने ‘चालतंय का बघू’ म्हणून लगेच सुरू करणारे खरं नुकसान करतात. पाणी पडून बोर्ड वाचतो, पाण्यात वीज सोडली की मरतो.

तयार मशीनमध्येही हे घडलेलं आहे, ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या वरच्या मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं होतं आणि त्यातल्या काही मशीन पुढे गळल्या. तेव्हापासून नळ्या, सील सगळं सुधारलंय, २००९ मध्ये कॉर्सेअरचा एच५० आला आणि सील केलेला एआयओ घराघरात गेला.

पण खरं सांगू, एआयओ गळून मरण्यापेक्षा म्हातारा होऊन मरतो.

म्हणजे किती वर्षं टिकतो?

साधारण पाच ते सात वर्षं धरा. बऱ्याच चांगल्या मॉडेलला वॉरंटीही पाच-सहा वर्षांचीच असते. कारण दोन. पंप ही फिरणारी वस्तू, ती झिजते. आणि रबरी नळ्यांमधून पाणी अगदी सावकाश, वाफेच्या रूपात उडत राहतं, सील शाबूत असूनसुद्धा. जेवढं पाणी गेलं तेवढी हवा आत जमते, मग सुरू करताना खळखळ आवाज यायला लागतो. त्यात आत तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असे दोन वेगळे धातू, गंज रोखणारं औषध लिक्विडमध्ये असतं पण त्याचीही ताकद उतरते, मग बारीक गाळ होऊन प्लेटच्या केसाएवढ्या खाचांत अडकतो.

माझा साडेपाच वर्षांनी गेला. आधी दोन महिने टेंपरेचर हळूहळू चढत होतं, मी पेस्ट बदलली, पंखे साफ केले, कॅबिनेट उघडं ठेवून बघितलं, शेवटी नळ्यांना हात लावला तर एक चटका बसेल अशी आणि दुसरी गार. पाणी फिरतच नव्हतं. हा हात लावायचा प्रकार आधी केला असता तर दोन महिने वाचले असते, तुम्ही आधी करा: चालू पंपात दोन्ही नळ्यांत फार फरक लागत नाही.

टॉवर कूलरमध्ये मरण्यासारखा फक्त पंखा, तो काढून दुसरा लावायला पाच मिनिटं लागतात आणि पंखा बंद पडला तरी नुसत्या ठोकळ्यावर पीसी रडतखडत चालतो. नॉक्चुआचा एनएच-डी१५ २०१४ मध्ये आला, त्या वेळी घेतलेले अजून लोकांच्या पीसीत आहेत, मधे दोन प्रोसेसर बदलून झाले, फक्त बसवायचं किट नवीन घेतलं.

रेडिएटर वर लावू, पुढे लावू की खाली?

वर, पंखे हवा बाहेर फेकतील असे. पहिला पर्याय हाच. प्रोसेसरची उष्णता थेट बाहेर जाते आणि ग्राफिक्स कार्डला पुढून ताजी हवा मिळते. पुढे लावला तर प्रोसेसर एक-दोन डिग्री जास्त गार होईल पण रेडिएटरमधून आलेली कोमट हवा ग्राफिक्स कार्डला खावी लागते, आणि गेमिंग पीसीत जास्त तापणारं तेच असतं.

खाली लावायचा नाही. का ते समजून घ्या: आत थोडी हवा असतेच, पुढे वाढतही जाते, आणि हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा पंप असेल तर पंपात हवा अडकते, आवाज येतो, पंप कोरडा फिरून लवकर मरतो. म्हणून रेडिएटरचं एक तरी टोक पंपाच्या वर पाहिजे, एवढंच बघायचं. पुढे उभा लावला असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच आहे ना, झालं. नळ्या वरून येतात की खालून यावर लोक भांडत बसतात, खालून आल्या तर जास्त बरं, वरून आल्या तरी काही बिघडत नाही.

कॅबिनेटला पंखे किती आणि कुठल्या दिशेला?

पुढून दोन-तीन आत, मागून एक बाहेर. बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा आत घेणारे थोडे जास्त ठेवा म्हणजे हवा फटींतून बाहेर जाते आणि धूळ जाळीवर अडकते. पंख्याची दिशा कळत नसेल तर ज्या बाजूला मोटरला धरणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. एक पंखा उलटा लागलेला पीसी मी इतके बघितलेत की आता उघडल्यावर आधी तेच बघतो.

आणि पुढे सबंध काच असलेलं कॅबिनेट घेऊन त्यात महागडा एआयओ बसवणं म्हणजे नाक दाबून पळायला जाणं. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, कूलरच्या वादापेक्षा जास्त फरक तिथे पडतो.

टॉवर कूलर बसेल की नाही कसं कळणार?

कॅबिनेटच्या माहितीत सीपीयू कूलरची जास्तीत जास्त उंची दिलेली असते, कूलरच्या माहितीत त्याची. एनएच-डी१५ १६५ एमएम आहे, १२० एमएम पंख्यांचे दोन टॉवरवाले बरेच कूलर १५५ च्या आसपास. दोन-चार एमएम हाताशी ठेवा. मग रॅम. उंच लायटिंगवाली रॅम असेल तर पुढचा पंखा तिच्यावर येतो, तो वर सरकवावा लागतो आणि मग तेवढी उंची परत वाढते, इथे लोक फसतात.

वजनाचं म्हणाल तर दोन पंख्यांसकट एनएच-डी१५ सव्वा किलोच्या वर जातो. जागेवर असताना काही होत नाही, मागची प्लेट ते पेलते. घर बदलताना, पीसी गाडीत घालताना मात्र कूलर उतरवा, किंवा निदान कॅबिनेट आडवं ठेवा म्हणजे ठोकळा लटकणार नाही.

पंपाची पिन कुठे लावायची?

मदरबोर्डवर एआयओ पंप लिहिलेलं असेल तिथे, आणि बायोसमध्ये तो पूर्ण वेगावर ठेवा, पंख्यासारखा वर-खाली करू नका. सीपीयू फॅनच्या पिनवर रेडिएटरचे पंखे. ती पिन रिकामी ठेवली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच सीपीयू फॅन एरर देऊन अडून बसतात. चार पिनचा पंखा घ्या, तीन पिनचा व्होल्टेज कमी करून चालतो पण फार सावकाश फिरवायला गेलं की थांबतो.

थर्मल पेस्ट किती?

वाटाण्याएवढी मध्ये. प्रोसेसर मोठा असेल तर फुलीसारखी. जास्त झाली तर बाहेर येते, घाण होते, बाकी आकाश कोसळत नाही, कमी पडली तर मात्र त्रास. लिक्विड मेटल वगैरे ॲल्युमिनियमच्या बुडाला अजिबात लावू नका, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

आणि कूलरच्या बुडावरची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढा!! हसू नका. माझ्या एका मित्राने ती तशीच ठेवून वर पेस्ट लावून कूलर बसवला, तीन आठवडे आम्ही फोनवर प्रोसेसरला शिव्या देत होतो.

कस्टम लूप करू का?

प्रोसेसर गार करायला म्हणून विचारत असाल तर नको. हौस म्हणून विचारत असाल तर करा, पण हौस वर्षानुवर्षं चालते हे लक्षात घेऊन. पंप वेगळा, टाकी वेगळी, फिटिंग, नळ्या, आणि दर वर्षभराने पाणी काढून, धुऊन, परत भरायचं. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ-गंज रोखणारं औषध, किंवा तयार कूलंट. नळाचं पाणी नाही, फिल्टरचंही नाही. रंगीत दुधाळ कूलंट फोटोत भारी दिसतं आणि काही महिन्यांत खाचांत साचून बसतं. तांब्याच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एकही भाग घालायचा नाही, दोन धातू एकाच पाण्यात राहिले की ॲल्युमिनियम गंजत जातं. भरल्यावर बाकीच्या पीसीला वीज न देता फक्त पंप चालवून खाली टिश्यू पेपर अंथरून रात्रभर ठेवा.

कस्टम लूपला खरी चव येते ती ग्राफिक्स कार्ड त्यात घेतलं की. आरटीएक्स ४०९० चे ४५० वॉट, ५०९० चे ५७५, यापुढे प्रोसेसर म्हणजे लिंबूटिंबू. आणि तिथे चिप मोठी आणि उघडी, वर झाकण नाही, त्यामुळे पाण्याचा फायदा थेट पोचतो. गंमत अशी की पाण्याची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्याला घरच्या बहुतेक पीसीत पंखेच असतात आणि कमी गरज असलेल्याला एआयओ.

कूलर न बदलता टेंपरेचर उतरवता येतं का?

हो, आणि हे सगळ्यात आधी करायचं. रायझनला बायोसमध्ये इको मोड असतो, १७० वॉट टीडीपीचा प्रोसेसर १०५ किंवा ६५ वॉटवर बांधता येतो, वेग थोडाच कमी होतो आणि टेंपरेचर धाडकन उतरतं. शेवटचे पाच-सात टक्के वेग काढायला हे प्रोसेसर भरमसाट वीज ओततात, ते सोडून दिलं की सगळं शांत. इंटेलला पॉवर लिमिट कमी करा. रायझनच्या बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज थोडं उतरवलं तर वेगही राहतो, पण नंतर पीसी टिकाव धरतो का ते दोन-चार दिवस नीट तपासा. खोली तापते म्हणणाऱ्यांचं उत्तरही हेच.

टेस्ट कशी करायची?

सिनेबेंच (प्रोसेसरला फुल लोड देणारं सॉफ्टवेअर) लूपवर लावा, बाजूला एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर, वॉट, वेग दाखवणारं) उघडा आणि अर्धा तास थांबा. एआयओवाल्यांनी तर थांबाच, पाच मिनिटांत पाणी तापलेलंच नसतं, तो आकडा मोबाइलवर पाठवून मिरवण्यात अर्थ नाही. खोलीचं टेंपरेचर लिहून ठेवा. आकडा एकटा बघू नका, वॉट किती आणि वेग किती हे सोबत बघा.

साफसफाई?

दोन-तीन महिन्यांनी जाळी, सहा महिन्यांनी पत्रे. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट वेगाने फिरू दिलात तर बेअरिंग जातं. रेडिएटरची धूळ पंखे आणि पत्रे यांच्यामध्ये गादीसारखी बसते, वरून दिसत नाही, पंखे सोडवूनच काढावी लागते.

जुना कूलर काढताना प्रोसेसरच उपटून आला! आता?

एएम४ बोर्ड (जुन्या रायझनचं सॉकेट असलेला) असणार. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. घाबरू नका, पिना बघा, वाकली असेल तर पातळ कार्ड दोन ओळींच्या मधे घालून हलक्या हाताने सरळ करा. प्रोसेसर कूलरपासून सोडवताना ओढू नका, बाजूने फिरवा, हेअर ड्रायरने थोडं गरम केलं तर सुटतो. सॉकेटची दांडी उचलून परत बसवताना कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवा, तो आपल्या वजनाने आत बसला पाहिजे, दाबायचा नाही. पुढच्या वेळी कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं पीसीवर लोड टाका, पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, कूलर डावी-उजवीकडे दोन-तीनदा फिरवून उचला.